असलमभाईंना पडलेले मार्क

देवपूर, धुळे
४ ऑगस्ट २०२५

चि. कुंदनास,

अक्काचे अ. उ. आ. यंदा सोबत राखी आहे, म्हणून पाकीट जड झालंय. आशीर्वाद नेहमीएवढेच आहेत, जास्त समजू नकोस.

कानबाईच्या सणाला, रोटांच्या जेवणाला, आले नाही म्हणून दिपमाला फुगून बसली असेल. तिला सांग, अक्का रुसली नाही, अक्काचे गुडघे रुसलेत. तिसऱ्या मजल्यावरून खाली यायला चोपन्न पायऱ्या. उतरते कशीबशी, पण चढताना देव आठवतो. मार्चपासून मी दोनदा जमिनीवर पाय ठेवलाय, तेही दवाखान्यासाठी. आणि फोन करू नकोस बाबा. या कानांना तुझं बोलणं कळत नाही, मग तू ओरडतोस, मी ओरडते, आणि खालच्यांना आपल्या घरातलं सगळं कळतं. लिहीत जा. एसटीत कंट्रोलर असताना एवढे तक्ते लिहिलेस, बहिणीला चार ओळी जड नाहीत.

आता कामाचं. आमच्याच बिल्डिंगमधल्या तळमजल्यावरच्या पुष्पाबाई मुलाकडे नाशिकला चालल्या. घर मला देतायत. दारापुढे ओटा आहे, ओट्यावर ऊन येतं. मी बयाणा देऊन बसले. बाकीचे पैसे दसऱ्यापर्यंत. दसरा उलटला तर दुसरं गिऱ्हाईक तयार आहे, असं त्यांनी तोंडावर सांगितलं. बाई सरळ आहे, मला राग आला नाही.

पैसे म्हणजे यांनी मागे ठेवलेले पांझरा मिलचे शेअर. तीस वर्षं तिथे कापसाची प्रत ठरवली आणि बोनस मिळाला की शेअर घेतले, बायकोला साडी घेतली नाही. आजच्या भावात घर होतं, पण रजिस्ट्रीचा खर्च सुटत नाही. थोडा भाव वाढला की विकायचे. कधी विकायचे ते मला कळत नाही. तुझ्या ललितला यातलं कळतं ना? त्याला विचार.

असलमभाईंना विचारून उपयोग नाही. यांच्या जोडीचे ते फिटर, तुला माहीतच आहेत. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, आता त्यांचा मुलगा हसीब तिथे गाठी बांधायच्या प्रेसवर आहे. दर गुरुवारी भाजी घेऊन चोपन्न पायऱ्या चढतात आणि दम खात एकच सांगतात, काही खरं नाही भाभी, मिलचं कसंबसं चाललंय, रडतखडत चाललंय.

राखी मनगटाला पुरली नाही तर दोरा जोडून घे. तुझं मनगट कमी खाल्ल्याने वाढलेलं नाही.

लोभ आहे तेवढा जपून वापर.
तुझी,
रत्नाअक्का


पिंप्राळा, जळगाव
१२ ऑगस्ट २०२५

ती. अक्कास,

कुंदनचा सा. न. वि. वि. राखी पुरली, दोरा लागला नाही. हे दिपमालेच्या साक्षीने लिहितोय.

तुझं पत्र ललितला दाखवलं आणि घोटाळा झाला. मला वाटलं तो वाचेल. त्याने मोबाइलवर फोटो काढला आणि मशीनला वाचायला दिलं! त्याने म्हणे एक एआय जोडलंय. बातम्या, कंपन्यांची पत्रकं, साहेब लोकांची भाषणं, सगळं ते वाचतं आणि मजकूर आनंदी आहे की रडका ते ओळखून मार्क देतं. अधिक दहा म्हणजे आनंदीआनंद, उणे दहा म्हणजे सुतक. ज्या कंपनीचे मार्क चढतात तिचा शेअर पुढे चढतो, असा त्याचा हिशेब. तो म्हणतो, पांझरा मिलबद्दल महिन्यात दोन बातम्या येतात, मशीन उपाशी राहतं. आत्याच्या पत्रात मिलच्या माणसाचं बोलणं आहे, तेच सोनं.

अक्का, तुझ्या पत्राला उणे सहा पडले. मी विचारलं, बहिणीने राखी पाठवली त्यात सुतक कुठून आलं? तर मशीनने कारणं दिली: लिहिणारी आजारी आहे, भावाच्या शरीरावर टीका करते, आणि मिल रडतखडत चालली आहे. ललितचं म्हणणं, ताबडतोब विकून टाका. पुन्हा तेच पत्र दिलं तर उणे चार पडले. मी म्हटलं, सकाळी सहा आणि दुपारी चार? आमच्या डेपोत असा वाहक असता तर मेमो दिला असता. तो म्हणाला, बाबा, थोडं इकडेतिकडे होतं.

माझं तर डोकं चालेनासं झालंय. माय म्हणायची तसं, काहीच समजस नही. तू घाई करू नकोस, पण उशीरही करू नकोस.

पायऱ्या उतरताना कठडा धर.
तुझा,
कुंदन


देवपूर, धुळे
२० ऑगस्ट २०२५

चि. कुंदनास,

अ. उ. आ. आणि त्या मशीनला माझा नमस्कार सांगू नकोस. उणे सहा! अडतीस वर्षं मी मुलांना मार्क दिले, आता मला मार्क पडतायत. तेही माझी थट्टा न कळून.

ललितला समजावून सांग. पांझरा मिलमध्ये हंगाम चांगला आहे असं कोणी तोंडाने म्हणत नाही. नजर लागते. एका वर्षी धाकटे शेठ म्हणाले होते की यंदा सोनं पिकलंय. आठवड्यात कापसाची गंजी पेटली, दोन दिवस विझेना. तेव्हापासून मालकापासून हमालापर्यंत सगळे रडतात. ज्या वर्षी असलमभाईंनी घरावर स्लॅब टाकला त्या वर्षी ते सगळ्यात जास्त रडले. यांचंही तेच. पगारवाढ झाली की घरात तोंड पाडून शिरायचे, मी लगेच शिरा करायला घ्यायची. उलट ज्या साली मिलला आठ महिने कुलूप लागलं, त्याच्या पंधरा दिवस आधी शेठजींनी पेढे वाटले होते आणि सगळं उत्तम आहे म्हणून भाषण केलं होतं. तिथलं रडणं ऐकलं की निश्चिंत झोपावं आणि गोड बोलणं ऐकलं की उठून बसावं. हे मशीनला कोण सांगणार?

तेव्हा मी विकत नाही. थांबते.

गुरुवारी असलमभाई आले तेव्हा हसत हसत त्यांना सगळं सांगितलं, की तुमच्या बोलण्याला जळगावात मार्क पडतात आणि उणे पडलेत, ललित म्हणतो शेअर बुडणार, घर जाणार. मला वाटलं हसतील. ते हसले नाहीत. चहा अर्धा ठेवून गेले. घरी बायकोला, साबेराला, बरं नसेल बहुतेक, विचारायचं राहिलं.

पोळ्याला दारात बैल काढायला सांग दिपमालेला, तिचा हात चांगला आहे.

माया असू दे. मार्क नकोत.
रत्नाअक्का


पिंप्राळा, जळगाव
३० ऑगस्ट २०२५

प्रिय आत्या,

सा. न. बाबांनी समोर बसवून लिहायला लावलंय. शाळेनंतर हातात पेन धरलंच नाही, तेव्हा अक्षराबद्दल आधीच माफी.

आत्या, मशीनची चूक नाही गं. त्याला शेअरचा भाव कळत नाही, मिल दिसत नाही, तू दिसत नाहीस. त्याने आजवर जगातलं ढीगभर लिखाण वाचलंय आणि त्यावरून एवढंच सांगतं की असे शब्द माणूस सहसा खुशीत लिहितो की दुःखात. मोठ्या कंपन्यांबद्दल रोज शेकडो बातम्या येतात, तिथे एखादी चुकली तरी चालतं. तुझ्या मिलबद्दल येतं काय? एक वर्धापनदिनाची जाहिरात, एक रस्त्याच्या खड्ड्याची तक्रार आणि तुझं पत्र.

तरी तुझं ऐकलं. मशीनला लिहून दिलं की धुळ्याच्या मिलमध्ये रडगाणं म्हणजे आनंद समजावा. लगेच त्याने अवकाळीत कापूस भिजल्याच्या बातमीला अधिक आठ दिले! मग लिहिलं, रडगाणं फक्त माणसाच्या तोंडचं असेल तर आनंद. तर बाबांनी गणपतीच्या वर्गणीवरून केलेल्या कटकटीला अधिक सात. (मी गंमत म्हणून दिली होती. बाबांना कळलंय, ते आता माझ्या खांद्यावरून वाचतायत.) शेवटी सगळं काढून पहिल्यासारखं केलं. नक्की काय शिकवावं ते मलाच कळेना. मी खोटं कशाला बोलू?

तू फक्त असलमकाका काय म्हणतात ते जसंच्या तसं लिहीत जा. घर मिळायलाच हवं तुला. आईने ओट्यावर ठेवायला तुळशीची कुंडीपण बघून ठेवलीय.

रागावलीस तरी मोदक राखून ठेवशील, या भरवशावर,
तुझा,
ललित


देवपूर, धुळे
१२ सप्टेंबर २०२५

चि. कुंदनास,

अ. उ. आ. पत्र घाईत लिहितेय, अक्षर समजून घे.

काल गुरुवार. असलमभाई आले. इस्त्रीचा सदरा, डोक्याला तेल. भाजीची पिशवी ठेवली, खुर्चीत ताठ बसले आणि पाढा म्हणावा तसं बोलायला लागले. म्हणाले, भाभी, मिलचं फार उत्तम चाललंय. हंगाम सोन्यासारखा आहे. कामगार खूश, मालक खूश. पुढचं भविष्य उज्ज्वल आहे, काही काही चिंता नाही. आणि हे सगळं पत्रात नीट लिहा म्हणाले!

कुंदन, मी घाबरलेच. चाळीस वर्षांत या माणसाच्या तोंडून उत्तम हा शब्द मी ऐकला नव्हता. मी विचारलं, हसीब काही म्हणाला का, मिलमध्ये काही झालंय का. तर मान खाली घालून पुन्हा तेच, उत्तम आहे. माझ्याकडे बघेनात. सदऱ्याचं बटण पिळत होते. चहाला थांबले नाहीत. पायऱ्या भराभर उतरल्याचा आवाज मलासुद्धा ऐकू आला.

मिलला कुलूप लागणार. दुसरं काय? म्हातारीने शेअर विकू नयेत म्हणून असलमभाईंना कोणी शिकवून पाठवलं की काय, अशी शंका येते आणि आली म्हणून माझी मलाच लाज वाटते. आपल्या माणसाबद्दल असं मनात यावं? पण डोळ्यांनी पाहिलं ते कसं नाकारू? रात्रभर पंखा बघत पडले.

पुष्पाबाईंनी सामान बांधायला काढलंय. ललितला विचार आणि लगेच लिही. आज लिहिलंस तर आजच पेटीत टाक.

रत्नाअक्का


पिंप्राळा, जळगाव
१६ सप्टेंबर २०२५

ती. अक्कास,

सा. न. वि. वि. तुझं पत्र आलं तेव्हा ललित दारातच होता. मी सांगत होतो, आधी मला वाचू दे, तोवर फोटो निघालाही.

तू घाबरलीस तो भाग त्याने वेगळा काढला. म्हणतो, आत्याच्या भावना बाजूला, आपल्याला मिलच्या माणसाचं बोलणं हवं. तेवढं दिलं तर अधिक नऊ! ललित नाचायचाच राहिला. म्हणतो, दोन वर्षांत कोणत्याही कंपनीला त्याने नऊ पाहिले नाहीत. आत्याला सांगा, एकही शेअर विकू नका, दिवाळीपर्यंत थांबा, पुष्पाबाईंकडून महिन्याची मुदत घ्या.

मी म्हटलं, बाळा, आत्या त्या माणसाला चाळीस वर्षं ओळखते. तो म्हणाला, म्हणूनच तिचं चुकतंय, तिच्या मनात आधीच भरलंय, मशीनच्या मनात काही नाही. त्याचंही पटतं. मग तुझं पत्र पुन्हा वाचलं, तर तुझंही पटतं. दिपमालेला विचारलं तर ती म्हणाली, ज्या घरात राहायचंय त्याचा विचार करा, शेअरमध्ये कोणी राहत नाही. तिचंही पटतं. मी आता कोणालाच काही विचारत नाही.

अक्का, मला खरंच कळत नाही. लहानपणी पतंग कुठून उडवायचा तेही तूच सांगायचीस. तुझ्या मनाला येईल ते कर. चुकलं तर धाकटा भाऊ आहे ना, त्याच्यावर ढकल.

जेवत जा. झोपत जा.
तुझा गोंधळलेला,
कुंदन


देवपूर, धुळे
२२ सप्टेंबर २०२५

चि. कुंदनास,

अ. उ. आ. घट बसवले आणि लिहायला बसले.

विकले. सगळे. पुष्पाबाईंना मुदत मागितली होती, त्या नाही म्हणाल्या. मग मेघाला बोलावलं. शेअर ऑफिसात असते ती, माझी चौथीची विद्यार्थिनी. तिने घरी येऊन मोबाइलवर सगळं केलं आणि दोनदा विचारलं, बाई, नक्की ना? पाढे विसरायची ती पोरगी मला नक्की ना विचारते! भाव मधल्या काळात थोडा वर आला होता, रजिस्ट्रीचाही खर्च सुटला. ललितला म्हणावं, आत्याने मशीनचं ऐकलं नाही, रागावू नकोस.

आणि एक. गुरुवारी असलमभाई आले तेव्हा मी दार उघडलं नाही. बेल वाजवली, कडी वाजवली, हाक मारली. मी आत पाटावर बसून राहिले. कान गेलेत हे त्यांना माहीत आहे, झोपले असेन असं वाटलं असेल. भाजीची पिशवी कडीला अडकवून गेले. त्यात माझ्या आवडीची वालपापडी होती. ती मला गिळवली नाही.

लोभ असो. माझ्याकडचा सध्या कुठे गेलाय कळत नाही.
रत्नाअक्का


पिंप्राळा, जळगाव
३० ऑक्टोबर २०२५

ती. अक्कास,

सा. न. वि. वि. भाऊबीजेला आलो नाही, त्याबद्दल काय लिहू? दिपमालेचा डेंग्यू ऐन दिवाळीत निघाला. आता घरी आहे, पपईचा रस आणि माझ्या हातची खिचडी दोन्हीला नावं ठेवते, म्हणजे बरी होतेय. नव्या घरात तू ओट्यावर बसलेला फोटो मेघाने पाठवला. आम्ही दोघांनी पुन्हा पुन्हा पाहिला. मला रडू आलं, लपवत नाही.

दुसरी बातमी लिहू की नको असं चार दिवस झालं. पण तुला बाहेरून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं. पांझरा मिलला परदेशाची मोठी ऑर्डर लागली. शेअर तेव्हापासून वर, वर, वर. किती ते लिहीत नाही, तूही विचारू नकोस. कुलूप नाही, काही नाही. असलमभाई बोलले ते अक्षर न् अक्षर खरं निघालं.

ललितला आनंद व्हायला हवा होता, पण तोही घोळात पडलाय. त्याने असलमभाईंचं ऑगस्टमधलं रडगाणं पुन्हा मशीनला दिलं, ते आजही उणेच देतं. मग मिल तेव्हा वाईट होती का? नव्हती. तो म्हणतो, बाबा, मशीन बरोबर आलं, पण कशामुळे आलं ते मला सांगता येत नाही. आणि मला हे कळत नाही की सगळं खरंच चांगलं होतं, तर तो माणूस मान खाली घालून बटण का पिळत होता?

तू वाईट वाटून घेऊ नकोस. दसऱ्याला घर मिळालं, दिवाळीला मिळालं नसतं.

ओट्यावर ऊन खा, माझ्या वाटचंही.
तुझा,
कुंदन


तळमजला, देवपूर, धुळे
५ नोव्हेंबर २०२५

चि. कुंदनास,

अ. उ. आ. दिपमालेला दृष्ट काढून आशीर्वाद. तिला म्हणावं, अक्काने परवा हातगाडीवरून स्वतः मेथी घेतली. आनंदाच्या भरात घासाघीस करायची विसरले, भाजीवालाच चमकला.

तुझं पत्र वाचलं आणि जेवण गेलं. शेअरचं नाही रे. दोन जीवांना हे घर पुरे, आणि मी तर एकटी. पण त्या माणसाला मी मनातल्या मनात खोटारडा ठरवलं, दार उघडलं नाही, असे तीन गुरुवार. नंतर त्यांनी येणंच सोडलं. मी खाली राहायला आले तेव्हासुद्धा ते आले नाहीत.

सोमवारी काठी घेतली आणि त्यांच्या घरी गेले. चालत. दोन गल्ल्या, मध्ये दोनदा बसले. साबेराने मला दारात पाहिलं आणि ओरडलीच. असलमभाई कोणाचा तरी पंखा उघडून बसले होते, हात काळे. उठून उभे राहिले, बसा म्हणायचंही सुचेना त्यांना. मी वाक्य ठरवून गेले होते, की मी तुमच्यावर संशय घेतला, मला माफ करा. अडतीस वर्षं पोरांकडून वाक्यं पाठ करून घेतली आणि माझं एक वाक्य फुटेना.

साबेराच बोलत सुटली. म्हणाली, भाभी, तुम्ही त्या मशीनचं सांगितलंत त्या दिवसापासून यांचं जेवण गेलं. म्हणे माझ्या रडक्या तोंडाने भाभीला उणे मार्क पडले, माझ्यामुळे त्यांचं घर जाणार. हसीबला विचारत होते, काय बोललं की मशीन खूश होतं. हसीबने चार वाक्यं लिहून दिली. तीन आठवडे हे ती वाक्यं घोकत होते. मिलमध्ये काय चाललंय ते यांना माहीत नव्हतं, हसीबलाही नव्हतं. बोलून आले त्या संध्याकाळी घाबरून तिला म्हणाले, मिरच्या उतरवून टाक, गंजी पेटली तर पाप मला लागेल.

कुंदन, या माणसाने जन्मभर चांगलं हा शब्द तोंडातून काढला नाही, आणि काढला तो माझ्या ओट्यासाठी. आणि मी दार न उघडता आत पाटावर बसले होते. माझे डोळे भरून आले, कोणासमोर येत नाहीत ते.

असलमभाई अजून खालीच बघत होते. मग हळूच विचारलं, भाभी, मग किती पडले? मी म्हटलं, नऊ. दहापैकी? म्हटलं, दहापैकी. त्यांनी आतून सुनेला, निलोफरला, हाक मारली आणि मला पुन्हा सांगायला लावलं. चौथीत शाळा सुटली माझी, म्हणाले, मला कोणी कधी नऊ दिले नाहीत. काळे हात पुसत पुसत हसले. आणि मग म्हणाले, म्हणजे माझ्या बोलण्यानं तुमचं घर झालं ना, भाभी?

मी सांगायला गेले होते की तुमच्या बोलण्याने मी घाबरले, तुमचं बोलणं खोटं समजले आणि घाबरून विकून मोकळी झाले. सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, हो. तुमच्याच बोलण्यानं झालं.

परत येताना पुन्हा दोनदा बसले आणि दोन्ही वेळा हाच विचार केला. ते तसं बोलले नसते तर मी ललितच्या भरवशावर थांबले असते आणि दसरा निघून गेला असता. म्हणजे घर त्यांच्याच बोलण्याने झालं, यात एक अक्षर खोटं नाही. पण त्यांना वाटतंय ते वेगळंच आणि मी ते तसंच राहू दिलं. माफीचं वाक्य तर घशातच राहिलं. वर्गात कोणी असं उत्तर लिहिलं असतं तर मी बरोबर दिलं असतं की चूक, मला ठरवता येत नाही. पुढच्या आठवड्यात गुरुवारी ते यायचेत. तोवर तू सांग मला, मी खोटं बोलले का रे?

हे पत्र ललितच्या हाती देऊ नकोस. तू वाच, दिपमालेला वाचून दाखव आणि तुमच्या दोघांच्या मनात येईल ते लिही.

तुझ्या उत्तराची वाट पाहत ओट्यावर बसलेली,
रत्नाअक्का